मुंबईत पाणी कुठे तुंबणार? मशीन लर्निंगने शहरी पुराची जोखीम वर्तवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडावर नालेसफाईच्या बातम्यांबरोबर हल्ली ‘एआय देणार पुराचा इशारा’ अशीही एखादी बातमी येते (येथे एआय म्हणजे बहुधा मशीन लर्निंग, अर्थात जुन्या नोंदींतून शिकून अंदाज बांधणारे संगणकीय तंत्र). ती वाचून पडणारे प्रश्न साधारणपणे तेच ते असतात. त्यांची उत्तरे येथे मुख्यतः मुंबईच्या आधाराने दिली आहेत, कारण या शहरात पाऊस, समुद्राची भरती आणि जुन्या पर्जन्यजल वाहिन्या असे तिन्ही घटक एकाच वेळी समोर येतात.

मशीन लर्निंग पावसाचा अंदाज देते की पाणी तुंबण्याचा?

दोन्ही कामांसाठी त्याचा वापर होतो, परंतु ती कामे निराळी आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की अपेक्षा चुकतात. पाऊस किती पडेल हा हवामानशास्त्राचा प्रश्न आहे. पडलेले पाणी कोणत्या चौकात, किती उंचीपर्यंत आणि किती वेळ उभे राहील हा जलशास्त्राचा आणि नगररचनेचा प्रश्न आहे.

दुसऱ्या प्रश्नाचीही उत्तरे तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार म्हणजे संभाव्यतेचा नकाशा. जमिनीची उंची, उतार, नाल्यापासूनचे अंतर, काँक्रीटने झाकलेल्या जमिनीचे प्रमाण यांवरून शहराचा कोणता भाग मुळातच पाणी धरणारा आहे, हे तो दाखवतो. तो आज पाहिला काय आणि पुढच्या महिन्यात पाहिला काय, सारखाच असतो. दुसरा प्रकार म्हणजे पुढच्या काही तासांचे पूर्वानुमान, ज्यात पाऊस आणि भरती दर पंधरा मिनिटांनी बदलत असतात. तिसरा प्रकार म्हणजे खऱ्या अर्थाने जोखमीचा अंदाज, कारण त्यात पाण्यासोबत माणसेही मोजावी लागतात. रिकाम्या मैदानातील गुडघाभर पाणी आणि तळमजल्यावरच्या रुग्णालयातील गुडघाभर पाणी यांची खोली सारखी असली तरी जोखीम सारखी नसते. संशोधन लेखांतील बहुतेक ‘जोखीम नकाशे’ प्रत्यक्षात पहिल्या प्रकारचे असतात, हे वाचताना ध्यानात ठेवलेले बरे.

मुंबई तुंबण्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. मग यंत्राने शिकायचे तरी काय उरते?

कारणे ठाऊक आहेत हे खरे. परंतु ती एकमेकांवर कशी परिणाम करतात हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्यांची रचना तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि ओहोटीची वेळ गृहीत धरून झाली होती, आणि त्यातही निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे मानले होते. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास होऊन १९९३ मध्ये सादर झालेल्या ‘ब्रिमस्टोवॅड’ (बृहन्मुंबईच्या पर्जन्यजल वाहिन्यांविषयीच्या) अहवालाने ही क्षमता तासाला ५० मिलिमीटर करावी आणि सर्वच पाणी वाहून येईल असे धरावे, अशी शिफारस केली. आकडा २५ वरून ५० झाला म्हणून क्षमता दुप्पट करायची होती असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आधी साडेबारा मिलिमीटर पाणी वाहून नेण्याची जी गरज धरली होती ती ५० मिलिमीटर झाली, म्हणजे चौपट झाली. एका चौरस किलोमीटरवर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५० हजार घनमीटर, अर्थात पाच कोटी लिटर पाणी गोळा होते.

हे पाणी समुद्रात सोडणारी सुमारे १८६ पातमुखे शहराला आहेत आणि त्यांपैकी मोठ्या भरतीच्या पातळीहून उंचावर असलेली अगदी मोजकी आहेत. भरती चढली की उरलेल्या पातमुखांतून पाणी बाहेर जाणे मंदावते किंवा थांबते, आणि झडप नसेल तर समुद्राचे पाणी उलट आत शिरते. त्यामुळे तासाला ४० मिलिमीटर पाऊस ओहोटीला पडला तर एखादा चौक कोरडा राहतो, आणि तेवढाच पाऊस साडेचार मीटरच्या भरतीत पडला तर त्याच चौकात बस बंद पडते. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ईर्ला, ब्रिटानिया, गझदरबंध येथील उदंचन केंद्रे (पाणी पंपाने उपसून समुद्रात सोडणारी केंद्रे) याच अडचणीवर उपाय म्हणून उभारली गेली. कोणत्या ठिकाणी किती पाऊस आणि किती भरती यांची जोडी जमली म्हणजे पाणी चढते, हा उंबरठा प्रत्येक ठिकाणासाठी जुन्या नोंदींवरून शोधून काढणे हे मशीन लर्निंगला खरोखर जमण्यासारखे काम आहे.

त्याला कोणती माहिती पुरवावी लागते?

पाऊस, भरती, जमिनीची उंची, वाहिन्यांचे जाळे, आणि या सर्वांहून महत्त्वाची म्हणजे पूर्वी पाणी कुठे, केव्हा आणि किती साचले याची नोंद.

पावसाची माहिती दिवसाच्या एकूण आकड्यात असून चालत नाही. हवामान विभाग २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला ‘जोरदार’, त्यापुढे २०४.४ पर्यंत ‘अति जोरदार’ आणि त्याहून अधिक पावसाला ‘अत्यंत जोरदार’ म्हणतो. शेती आणि धरणे यांच्या दृष्टीने ही वर्गवारी उपयोगी असली तरी १०० मिलिमीटर पाऊस दिवसभर रिमझिम पडला की संध्याकाळी दोन तासांत कोसळला, हे त्यातून कळत नाही, आणि चौकात पाणी तुंबणे नेमके त्यावरच ठरते. म्हणून पंधरा मिनिटांच्या नोंदी लागतात.

शिवाय पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तेव्हा वीसएक किलोमीटरवरच्या कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. त्या दिवशी केवळ कुलाब्याचा पर्जन्यमापक पाहणाऱ्याला शहर बुडत असल्याचा पत्ताही लागला नसता. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शहरी पुराविषयी २०१० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत दर चार चौरस किलोमीटरला एक स्वयंचलित पर्जन्यमापक असावा असे सुचवले आहे. बृहन्मुंबईचा विस्तार पाहता त्या हिशेबाने शंभराहून अधिक पर्जन्यमापक लागतात. मधल्या जागा रडार भरून काढते. २००५ मध्ये मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. आता कुलाब्याचे आहे आणि २०२२ पासून वेरावलीचेही आहे. मात्र अतिशय मुसळधार पावसात काही प्रकारच्या रडारचे संकेत क्षीण होतात आणि बादली कलंडून पाणी मोजणारे पर्जन्यमापक प्रत्यक्षापेक्षा कमी पाऊस दाखवतात, म्हणजे ज्या दिवशी अचूक आकडा सर्वाधिक हवा असतो नेमका त्याच दिवशी तो डळमळतो.

भरतीचे वेळापत्रक त्या मानाने सर्वांत सोपे. चंद्र-सूर्याच्या गणितावरून ते वर्षभर आधी छापले जाते. फक्त वाऱ्याच्या जोराने समुद्राची प्रत्यक्ष पातळी छापील आकड्याहून वर चढू शकते, ही दुरुस्ती करावी लागते.

उंचीच्या नकाशात मात्र पुष्कळ जण फसतात. विनामूल्य मिळणारे उपग्रहाचे नकाशे तीस मीटरच्या चौकटींत असतात आणि त्यांची उभी चूक कित्येक मीटरची असू शकते. पाणी तुंबण्याचा प्रश्न मात्र अर्ध्या-पाऊण मीटरचा असतो. इमारतीच्या छताला जमीन समजणारा नकाशा घेऊन कितीही प्रगत अल्गोरिदम (संगणकाची गणनेची पद्धत) चालवला तरी तो दादर हिंदमाताचा बशीसारखा खोलगट भाग ओळखू शकणार नाही. त्यासाठी विमानातून लेझरने मोजलेली उंची लागते.

पाणी साचल्याच्या नोंदी मिळवणे एवढे अवघड का आहे?

कारण पाणी ओसरल्यावर पुरावा उरत नाही, आणि पाणी असताना मोजायला कोणी मोकळे नसते. या संपूर्ण विषयातील खरा तुटवडा येथे आहे. अल्गोरिदम तर कोणालाही विनामूल्य मिळतात.

उपग्रहाचा पर्याय प्रथम सुचतो. सेंटिनेल-१ सारखे रडार उपग्रह ढगांच्या आरपार पाहतात आणि सांगली-कोल्हापूरसारखा, शेतशिवारात आठवडाभर पसरून राहणारा पूर ते उत्तम टिपतात. मुंबईत मात्र पाणी चार-सहा तासांत ओसरते, उपग्रह कित्येक दिवसांनी एकदा डोक्यावरून जातो, आणि तो नेमक्या वेळी आलाच तरी उंच इमारतींच्या भिंतींवरून संकेत दोनदा परावर्तित होऊन गल्लीतील पाणी झाकले जाते.

मग उरतात महापालिकेच्या नोंदी, वाहतूक पोलिसांचे संदेश, १९१६ या मदत क्रमांकावर आलेल्या तक्रारी आणि समाजमाध्यमांवरील छायाचित्रे. या सर्वांमध्ये एक समान पक्षपात आहे: जेथे वाहने अडतात आणि जेथे तक्रार करण्याची सवय असलेले लोक राहतात तेथील पाणी नोंदले जाते. नाल्याकाठच्या वस्तीत दर पावसाळ्यात घरात पाणी शिरते आणि लोक सामान पोटमाळ्यावर चढवून गप्प बसतात. त्याची तक्रार होत नाही, म्हणून नोंद होत नाही, म्हणून प्रारूपाच्या (नोंदींवरून शिकून तयार झालेल्या ‘मॉडेल’च्या) लेखी ती वस्ती कोरडी ठरते. त्यानंतर पंप कुठे ठेवायचे हे त्या प्रारूपाला विचारले तर ते पुन्हा हमरस्त्यावरच ठेवायला सांगेल. हा दोष गणिताने पुरता भरून निघत नाही. वस्तीत जाऊन भिंतीवरील ओलीच्या खुणा मोजाव्या लागतात आणि वयस्क रहिवाशांना विचारावे लागते.

कोणता अल्गोरिदम सर्वांत चांगला?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वांत कमी महत्त्वाचे आहे. संभाव्यतेच्या नकाशासाठी रँडम फॉरेस्ट किंवा एक्सजीबूस्ट यांसारख्या निर्णयवृक्षांवर, म्हणजे एकामागून एक हो-नाही प्रश्न विचारत उत्तराकडे जाण्यावर, आधारलेल्या पद्धती पुरतात. काळानुसार बदलणाऱ्या पाणीपातळीसाठी एलएसटीएम प्रकारची जाळी (न्यूरल नेटवर्क) वापरली जातात, कारण गेल्या काही तासांत काय घडले ते त्यांना लक्षात ठेवता येते. रडारच्या चित्रांवरून पुढच्या तास-दोन तासांचा पाऊस सांगण्यासाठी प्रतिमा ओळखणारी जाळी उपयोगी पडतात.

चौथा उपयोग मला स्वतःला सर्वांत आश्वासक वाटतो. पाण्याच्या प्रवाहाची समीकरणे सोडवणारी भौतिक प्रारूपे विश्वासार्ह असतात, परंतु शहराच्या गल्लीबोळांपर्यंत तपशील नेला तर त्यांना एकेका गणनेला तासन्‌तास लागू शकतात, आणि तोवर पाऊस थांबलेला असतो. अशा प्रारूपावर आधीच हजारो काल्पनिक पाऊस पाडून त्यांची उत्तरे साठवायची आणि ती मशीन लर्निंगला शिकवायची. मग प्रत्यक्ष पावसाच्या वेळी ते काही सेकंदांत जवळपास तेच उत्तर देते. नोंदींच्या तुटवड्यावरही हा बऱ्यापैकी उतारा आहे, अर्थात मूळ भौतिक प्रारूप त्या शहराच्या वाहिन्यांशी नीट जुळवलेले असेल तरच.

‘आमचे प्रारूप ९९ टक्के अचूक आहे’ या दाव्यावर विश्वास ठेवावा का?

आधी दोन गोष्टी विचाराव्यात. समजा, एका चौकाच्या हजार तासांच्या नोंदी आहेत आणि त्यांपैकी दहा तास तेथे पाणी होते. जे प्रारूप डोळे मिटून दर वेळी ‘पाणी साचणार नाही’ म्हणेल तेही ९९ टक्के अचूक ठरेल, आणि त्याचा उपयोग शून्य असेल. म्हणून पाणी साचले त्यांपैकी किती वेळा इशारा मिळाला, आणि इशारा दिला त्यांपैकी किती वेळा खरोखर पाणी साचले, हे दोन आकडे वेगवेगळे मागावेत.

दुसरी गोष्ट अधिक खोडसाळ आहे. उपलब्ध नोंदी पत्त्यांसारख्या पिसून ८० टक्के शिकवण्यासाठी आणि २० टक्के परीक्षेसाठी ठेवण्याची रीत आहे. पुराच्या बाबतीत ती फसवी ठरते, कारण एकाच पावसातील शेजारच्या दोन गल्ल्यांपैकी एक शिकवणीत आणि दुसरी परीक्षेत गेली, तर ती प्रश्नपत्रिका आधीच फुटल्यासारखी असते. संपूर्ण एक पावसाळा किंवा शहराचा एक अख्खा विभाग बाजूला ठेवून परीक्षा घेतली असेल तरच तो निकाल गंभीरपणे घ्यावा. अशी परीक्षा घेतली की आकडे बहुधा खाली येतात, आणि ते खाली आलेले आकडेच कामाचे असतात.

२६ जुलैसारखा पाऊस पुन्हा आला तर यंत्र तो ओळखेल का?

केवळ जुन्या नोंदींवर शिकलेल्या यंत्राकडून ही अपेक्षा ठेवू नये. निर्णयवृक्षांवर आधारलेल्या पद्धती तर शिकवणीत पाहिलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या पुढचे उत्तर देऊच शकत नाहीत. ज्या प्रारूपाने कमाल ८० सेंटिमीटर पाणी पाहिले असेल ते दोन मीटर पाण्याच्या दिवशीही ८० च्या आसपासच थांबेल. दुर्मीळ घटनांसाठी भौतिक प्रारूपांचा आधार सोडता येत नाही.

याच्या उलट, दरवर्षी येणाऱ्या, शंभर-दीडशे मिलिमीटरच्या आणि शहराला चार तास खोळंबून ठेवणाऱ्या पावसाच्या नोंदी भरपूर आहेत, आणि मशीन लर्निंगची खरी उपयुक्तता या मधल्या पट्ट्यात आहे.

शहर दरवर्षी बदलते. त्याचे काय?

हिंदमाता परिसरात पाणी साठवण्यासाठी भूमिगत टाक्या बांधल्या गेल्या, काही ठिकाणी उदंचन केंद्रे सुरू झाली, मिठी नदीचे पात्र रुंद आणि खोल करण्यात आले. या कामांच्या आधीच्या नोंदींवर शिकलेले प्रारूप आता त्या ठिकाणी विनाकारण घाबरवेल. उलट बाजूचे उदाहरण २६ मे २०२५ चे आहे. त्या दिवशी मोसमी पाऊस मुंबईत नोंदींच्या इतिहासात सर्वांत लवकर दाखल झाला आणि त्याच महिन्यात सुरू झालेल्या आचार्य अत्रे चौक भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले. जुन्या नोंदींमध्ये ते स्थानकच नव्हते. शिवाय ज्या प्रारूपाला महिना ही माहिती म्हणून दिलेली असेल त्याने मे महिना निर्धोक असतो असेच शिकून ठेवलेले असणार. म्हणून प्रत्येक पावसाळ्यानंतर प्रारूप पुन्हा शिकवावे लागते आणि नव्या बांधकामांची यादी हाताने भरावी लागते. नालेसफाई किती झाली याचाही आकडा त्यात घालावा असे अनेक जण सुचवतात. सूचना योग्य आहे; मात्र कागदावरचा गाळ आणि नाल्यातला गाळ यांत फरक असेल तर यंत्र कागदावरचाच खरा मानते.

मुंबईत सध्या कोणत्या यंत्रणा आहेत?

केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि बृहन्मुंबई महानगरपालिका यांनी ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर इशारा यंत्रणा १२ जून २०२० रोजी सुरू केली. पावसाचा अंदाज, पाण्याचा प्रवाह, पाणी साचण्याचा विस्तार, असुरक्षितता, जोखीम आणि माहितीचे प्रसारण अशा कड्या जोडून ती तयार झाली आहे आणि तिचा कणा मुख्यतः भौतिक प्रारूपांचा आहे. चेन्नईतील २०१५ च्या पुरानंतर तेथे बनवलेल्या यंत्रणेची ती पुढची पायरी मानता येईल. आयआयटी मुंबईच्या हवामानविषयक अभ्यासकांनी स्थानिक पातळीवरील पावसाचे अंदाज आणि नागरिकांनी कळवलेल्या पाण्याच्या नोंदी एकत्र दाखवणारे संकेतस्थळ चालवले आहे. मशीन लर्निंग अशा व्यवस्थांमध्ये एखाद्या कडीसारखे बसते. ते संपूर्ण साखळीची जागा घेत नाही.

हेच प्रारूप पुणे किंवा कोल्हापूरला वापरता येईल का?

पद्धत नेता येईल, शिकलेले प्रारूप नेता येणार नाही. पुण्यात भरती नाही, पण उतार आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला लोंढा काही तासांत वस्त्यांतून गेला, आणि तेथे ओढ्याच्या पात्रातील अडथळे ही माहिती भरतीपेक्षा महत्त्वाची ठरते. कोल्हापूरचा पूर तर निराळ्याच जातीचा आहे. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी गाठते तेव्हा त्याची चाहूल बऱ्याच आधी लागलेली असते. गुगलने २०१८ मध्ये पाटण्यापासून सुरू केलेला पुराच्या अंदाजाचा उपक्रम अशा नदीच्या पुरांसाठी होता, आणि त्यांच्या एलएसटीएम पद्धतीवरील शोधनिबंध २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. नदीच्या पुरात मिळालेले ते यश शहरातल्या गटाराला तसेच्या तसे लागू करून दाखवणारी सादरीकरणे अधूनमधून दिसतात. त्यांपासून सावध राहावे.

लहान नगरपालिकेने सुरुवात कुठून करावी?

संगणक खरेदीपासून तर नक्कीच करू नये. पाणी साचण्याच्या ठिकाणांची यादी, प्रत्येक ठिकाणी रंगवलेली मोजपट्टी, चार-पाच स्वयंचलित पर्जन्यमापक आणि ड्युटीवरील कर्मचाऱ्याने वेळ टाकून भरायची वही, एवढ्यावर दोन पावसाळे काढावेत. त्यानंतर ‘तीन तासांत इतका पाऊस झाला की या चौकात पाणी येते’ असा साधा नियम बनवावा. जे प्रारूप या नियमाहून सरस ठरत नाही त्यावर पैसा खर्च करण्याचे कारण नाही.

इशाऱ्यात ‘३० टक्के शक्यता’ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ काय?

अशा दहा प्रसंगांपैकी साधारण तिनांत पाणी साचेल. ते साचले नाही म्हणून इशारा खोटा ठरत नाही. रिक्षाचालकासाठी ३० टक्के दुर्लक्षणीय असू शकतात, तर तळघरात औषधे ठेवणाऱ्या रुग्णालयासाठी तेवढे सामान हलवायला पुरेसे असतात. म्हणून सर्वांना एकच लाल-पिवळा रंग दाखवण्यापेक्षा आकडा सांगणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरते.

सामान्य नागरिकाने पाठवलेल्या माहितीचा उपयोग होतो का?

पुष्कळ होतो, मात्र ती वापरता येण्याजोगी हवी. ‘आमच्याकडे भयंकर पाणी आहे’ यापेक्षा जागा, वेळ आणि खोली या तीन गोष्टी कळवाव्यात. खोली सेंटिमीटरमध्ये सांगता आली नाही तरी बिघडत नाही; घोट्याएवढे, गुडघ्याएवढे, कमरेएवढे ही आपली मापे वर्गवारीसाठी पुरेशी असतात, आणि छायाचित्रात दुचाकीचे चाक किंवा पदपथाची कड दिसत असेल तर त्यावरून आकडाही काढता येतो. छायाचित्र काढण्यासाठी पाण्यात उतरू नये, कारण उघडे मॅनहोल वरून दिसत नाही. पाणी कधी ओसरले हेही कळवावे, जे जवळजवळ कोणीच कळवत नाही. आणि शेजारचा रस्ता बुडालेला असताना आपल्या गल्लीत पाणी आले नसेल तर तेही लिहावे. कोरड्या जागांच्या नोंदीच नसल्यामुळे ‘पाणी नव्हते’ आणि ‘कोणी कळवले नाही’ यांत यंत्राला फरक करता येत नाही.